शेजारणीची पत्रं

१२ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

कशी आहेस? जास्त वेळ उभं राहिलं की तुझी कंबर धरायची, ती आता काय म्हणते? विहीणबाईंचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, थंड पाण्याला लांबूनच नमस्कार करा. तुझ्या दादाचा मोडलेला हात नीट बसला का, की अजून हवा बदलली की ठणकतो? आणि आमची चिमणी? आज तिला बारा पुरी झाली. मी शेवटची पाहिली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. उंची कुणावर गेली? बापावर गेली असेल तर दाराच्या चौकटी सांभाळा म्हणावं.

आमच्याकडचं तू विचारत नाहीस, पण पत्राला काही शिस्त हवी म्हणून लिहितो. माझे गुडघे बोलतात, बाकी मी ठीक. तुझ्या सासूच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनला तयार नाही. म्हणते, नातीला बघायला मिळणार असेल तर आजच्या आज डोळा करून घेते. नुसतं तुमचं तोंड स्पष्ट दिसावं म्हणून एवढी चिरफाड कशाला?

दरवर्षी या तारखेला मी लिहितो आणि तू उत्तर देत नाहीस. पत्रं परत येत नाहीत, त्यावरून पोचत असावीत असं धरून चालतो. अकरा वर्षांपूर्वी पेटी घरी आली त्या दिवशी तुझी सासू तुला जे बोलली, ते बोलायला नको होतं. पण पोटचा पोरगा गेलेली बाई, तिच्या जिभेला कुठलं हाड? मी मध्ये पडायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. चिमणीला एकदा डोळे भरून बघावं, एवढीच दोघांची इच्छा उरली आहे. असो.

यंदा सांगण्यासारखं थोडं आहे. मी अजून मोठ्या वकिलांकडेच टायपिंग करतो. तेच आपलं, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. तिथे नव्या वकीलबाई आल्यात. चाळिशीच्या, ताठ, केस कानाच्या वर कापलेले. बारा वर्षं लष्करात होत्या. तिथेच अभ्यास करून कायद्याची परीक्षा दिली आणि नोकरी सोडून इकडे आल्या. ऑफिसात सगळे पाठीमागे त्यांना कॅप्टनबाई म्हणतात. चहा उभ्यानेच पितात. पहिल्याच दिवशी त्यांनी फाइलींचं कपाट असं लावलं की सकाळी उघडल्यावर मला वाटलं चोरी झाली.

एक गोष्ट मात्र विचित्र. आमच्याकडे माणसं पुरावा म्हणून पत्रांचे गठ्ठे आणतात. मोठे वकील ती पत्रं दोन्ही चष्मे बदलून बदलून वाचतात. या बाई हातसुद्धा लावत नाहीत. परवा एका नवऱ्याने बायकोच्या मैत्रिणीची पत्रं टेबलावर आपटली, तर म्हणाल्या, ज्यांनी लिहिली त्यांना समोर बसवा, मग वाचू. मोठे वकील म्हणाले, बाई, असं करत बसलो तर वकिली बंद करून आपल्याला चष्म्याचं दुकान काढावं लागेल.

बाहेरच्या खोलीत, जिथे माणसं वाट बघत बसतात, तिथे भिंतीवर लावायला बाईंचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी विचारलं, लष्करात काम कसलं होतं? म्हणाल्या, सामानाचं. मी लिहिलं, पुरवठा विभाग. त्यांनी ते खोडलं. पुरवठा नाही म्हणाल्या, परत पाठवण्याचं. मला वाटलं जुनी घोंगडी-बूट असतील.

तेवढ्यात एकच्या बातम्या लागल्या. माझी खोड तुला ठाऊक आहे. रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, बातम्या संपल्या. मी सवयीने म्हटलं, "दमलात बाई, पाणी प्या आता." तर वकीलबाईंनी कप असा आदळला की कपाचा कान हातात आणि कप टेबलावर. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, हे तुम्ही रोज म्हणता? म्हटलं, चाळीस वर्षं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी काय वावगं बोललो, कळत नाही. लष्करात रेडिओला उलट बोलणं गुन्हा असेल.

चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
मामंजी


१९ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

ख्यालीखुशाली या वेळी राहू दे. वर्षाला एक पत्र लिहिणारा म्हातारा आठवड्यात दुसरं लिहितोय, त्यावरून तू काय ते ओळखशील. मशीनवर लिहायला बसलो होतो, पण बोटं दोन दोन अक्षरं एकदम दाबतायत. म्हणून हाताने लिहितोय. वाकडंतिकडं सांभाळून घे.

काल वकीलबाईंनी मला आत बोलावलं. बसा म्हणाल्या. स्वतः उभ्याच. म्हणाल्या, परिचयात काय लिहायचं ते सांगते, मग तुम्ही ठरवा ते भिंतीवर लावण्यासारखं आहे का.

लष्करात माणूस गेला की त्याची पेटी घरी येते, आपल्याकडे आली तशी. ती निघण्याआधी कुणीतरी ती उघडून, एकेक वस्तू हातात घेऊन यादी करतं. ते काम या बाईंचं. सहा वर्षं त्यांनी तेवढंच केलं. कामाला बसवताना वरच्या साहेबांनी त्यांना एक शिकवण दिली होती. कागदावर ती कुठे नाही, पण सगळे पाळतात. घरच्यांना माणूस दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटेल, असं पेटीतून काही जाऊ द्यायचं नाही. म्हणून दोन ढीग करायचे, एक घरी जाणारा, एक न जाणारा. न जाणाऱ्यात काय असतं, मी विचारलं. म्हणाल्या, बहुतेकदा बायकोखेरीज दुसऱ्या बाईची पत्रं. तो ढीग महिनाअखेरीला जाळून टाकायचा.

मी म्हटलं, पुण्याचंच काम की. त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटायचं. पण एक गठ्ठा डोक्यातून जात नाही. आणि परवा तुम्ही रेडिओशी बोललात.

सूनबाई, पुढचं त्या बोलल्या तसंच लिहितो.

गठ्ठा बुटाच्या नाडीने बांधलेला होता. माणसाचं नाव त्यांना आठवत नाही. शेकडो पेट्या हाताखालून गेल्या. पत्रं लक्षात राहिली, कारण ती वाचताना त्यांना हसू आलं होतं, आणि त्या टेबलावर कधी कुणी हसत नसे. सगळी एकाच बाईची. खाली सही, "शेजारीण". एकात लिहिलं होतं, "तुमची बायको मुलीला झोपवता झोपवता स्वतःच झोपली, म्हणून मी गुपचूप लिहायला बसले." दुसऱ्यात होतं, "तुमच्या बायकोला सांगू नका, पण तिच्यापेक्षा तुमची आठवण मलाच जास्त येते." आणि एकात, "तुमचे वडील रेडिओवरच्या बाईंना पाणी प्या म्हणतात, आणि तुमची बायको तोंडावर उशी दाबून हसते." पाठवणाऱ्याचा पत्ता चष्म्याच्या दुकानाचा. माणसाच्या घरचा पत्ता वेगळा.

बाईंनी दोन आणि दोन चार केले. भिंतीला भिंत लागून राहणारी बाई, जिला त्या घरातली उशीसुद्धा माहीत, आणि बायको बिचारी गाढ झोपेत. "मला त्या बायकोची दया आली," त्या म्हणाल्या. आणि गठ्ठा न जाणाऱ्या ढिगात टाकला.

पोरी, मी त्यांना ती सही पुन्हा एकदा सांगायला लावली.

शेजारीण कोण, हे या जगात चारच माणसांना माहीत. त्यातला एक गेला. लग्नाआधी तू आमच्या भिंतीपलीकडे राहायचीस. तो भिंतीवर टकटक करून तुला गणितं विचारायचा, आणि गणितात तो तुझ्यापेक्षा हुशार होता हे आम्हाला कळत नव्हतं असं त्याला वाटायचं. लग्न झाल्यावरही याच घरात, याच खोलीत तो ओरडायचा, "अहो शेजारीण, वाटीभर साखर मिळेल का?" आणि तू म्हणायचीस, तुमच्या बायकोला विचारा.

मशीनवर झाकण घातलं आणि निघालो. दोन स्टॉप पुढे जाऊन उतरलो आणि उलट्या दिशेला चालत सुटलो.

तू लिहीत होतीस. तो तिकडे होता ते तेरा महिने लिहीत होतीस. मला पुढचं सुचत नाही, थांबतो.

मामंजी


२३ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्या सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हल्ली डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून बोटांनी निवडते. सगळं ऐकून घेतलं, रडली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मग आता तिला हेही लिहा, की ते मी बोलले नव्हते. अकरा वर्षं माझ्या नावावर खपवताय."

मी म्हटलं, तुला कसं कळलं? पत्र लिहून झालं की मी तिला वाचून दाखवतो, पण ते वाक्य कधीच वाचत नाही. ती म्हणाली, दरवर्षी तिथे तुम्ही आवंढा गिळता. अकरा आवंढे मोजलेत मी.

तर लिहितो. "दोन ओळी लिहिताना हात दुखला, आता रडताना डोळे नाही दुखत?" हे मी बोललो. भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरली होती आणि चिमणी तुझ्या कडेवर होती. पेटी उघडून मी सगळं बाहेर काढलं होतं. दाढीचं सामान, अर्धा झिजलेला साबण, घड्याळ, आणि मी त्याला लिहिलेली सगळी पत्रं. तुझं एकही नाही. डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक कोसळून माझा मुलगा गेला, त्याचा राग कुणावर काढावा हे मला कळत नव्हतं, आणि तेवढ्यात तू सापडलीस. तू एवढंच म्हणालीस, "मी लिहीत होते." मी म्हटलं, मग कुठायत? तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. वाकून पेटीच्या तळाला लावलेला कागद उचलून पाहिलास. मला वाटलं, नाटक करतेय. आता कळतंय. माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याने आपलं एकसुद्धा पत्र ठेवलं नाही, एवढंच तू त्या क्षणी बघत होतीस.

त्याची उत्तरं तुझ्याजवळ असणार. ती काढून माझ्या तोंडावर मारली असतीस तर मी गप्प बसलो असतो. का नाही मारलीस, तेही कळलं. मी ती तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्यांदा वाचली असती.

मुळात तीच तर माझी खोड. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलो. त्यामुळे घरात आलेला कागद कुणाचाही असो, तो फोडून चार माणसांत वाचण्यात मला भारी ऐट वाटायची. त्याचं तुला आलेलं पहिलं पत्र मी जेवताना वाचलं होतं. तू ताटावरून उठून गेलीस आणि मी म्हटलं, लाजली. त्यानंतर तू चष्म्याच्या दुकानातून लिहायला लागलीस, जिथे तू काचा घासायचीस. म्हणून पत्ता वेगळा, म्हणून तो ढीग वेगळा. बाईंची चूक एका दुपारची. त्या चुकीला लागणारं सगळं मी आधीच जमवून ठेवलं होतं.

काल त्यांना जाऊन सांगितलं, की ती शेजारीण म्हणजे त्याची बायको, आणि रेडिओवाला सासरा तो मी. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. आधीच उभ्या होत्या, आणखी ताठ झाल्या, जणू कुणी हुकूम सोडलाय. म्हणाल्या, "मी ती जाळली." मी म्हटलं, तुमचा नियम होता. म्हणाल्या, "नियमात हात नसतात. हात माझे होते."

मग टेबलावरचं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सुनेला एक सांगाल का? प्रत्येक पत्राच्या पाठीवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. आधी मला कळेना. मग पाहिलं, जुन्या पत्रांवर जास्त, नव्यांवर कमी. जितक्यांदा वाचलं तितक्या रेघा. पहिल्या पत्राची पाठ तर भरून गेली होती, पुढे कडेने ओढल्या होत्या.

घरी येऊन मी पेटीतली माझी पत्रं काढून उलटी करून पाहिली. प्रत्येकावर एक रेघ. इमानदार पोरगा. एकदा वाचलं म्हणजे एकच.

बाईंना तुझी माफी मागायची आहे. पत्ता मागत होत्या. मी दिला नाही. ज्याचं त्याला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, हे या वयात त्यांच्याकडूनच शिकलो. तू म्हणशील तर देईन. परिचयात त्यांनी एक ओळ घालायला सांगितली आहे: "मृत सैनिकांचं सामान त्यांच्या घरी पोचवलं, एका घरी पुरतं पोचवलं नाही." मोठे वकील म्हणाले, असली पाटी वाचून अशील उठून जाईल. बाई म्हणाल्या, जाऊ द्या. सध्या भिंतीवर नुसता खिळा आहे.

मामंजी


१ जुलै

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. तुझ्या सासूलाही तसंच वाटतंय. हे पत्र तिला वाचून दाखवलेलं नाही.

त्या दिवशी मी बाईंच्या खोलीतून निघालो तर त्यांनी दारात थांबवून विचारलं, शेवटचं एक पत्र न फोडलेलं होतं, ते तिला मिळालं का? तो गेल्यावर पोचलेलं. न फोडलेलं पत्र त्या कधी वाचत नसत. पाठवणाऱ्याला तसंच परत. चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर त्यांनी ते स्वतः पाठवलं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत?

मला माहीत होतं.

तू चिमणीला घेऊन गेलीस त्याला चार महिने झाले होते. माझ्या चष्म्याची दांडी तुटली म्हणून मी दुकानात गेलो. दुकानदाराने दांडी बसवली आणि गल्ल्याखालून पाकीट काढलं. म्हणाला, तुमच्या सुनेचं परत आलंय, पोचवा तिला. बाहेर उन्हात येऊन चष्मा लावला आणि पाहिलं. तुझं अक्षर, त्याचं नाव, वर "परत" असा शिक्का.

तिथेच मला कळलं होतं, सूनबाई. सगळं नाही, पण तू लिहीत होतीस एवढं कळलं होतं. सरळ गाडीत बसून तुझ्या दारात यायचं आणि हात जोडायचे, एवढंच करायचं होतं. पण माणसाचं नाक एकदा वाढलं की दारातून आत जात नाही. मी मनाला सांगितलं, एकच तर आहे. तेरा महिन्यांत एक. म्हणजे मी फार खोटं नाही बोललो. उद्या पाठवू म्हणून ते पाकीट ऑफिसात मशीनखालच्या जाड कापडाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मशीन ठेवून कुणाचा तरी घटस्फोट टाइप केला. तेव्हापासून अकरा वर्षं, परक्यांचे संसार मोडण्याचे सगळे कागद मी त्या पत्रावर बसून ठोकलेत.

बाईंनी जाळलं ते न कळून. मी दाबून ठेवलं ते कळून. काल हे त्यांनाही सांगितलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी माझं मशीन दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि म्हणाल्या, काढा.

ते पाकीट सोबत ठेवलं आहे. कडा पिवळ्या पडल्यात आणि मशीनच्या चार पायांचे चार खड्डे पडलेत, बाकी शाबूत आहे. जन्मभर लोकांची पत्रं फोडली, हे एक फोडलं नाही. ते चांगुलपणाने नाही. आत काय असेल, याची भीती वाटत होती. याच्या पाठीवर रेघ नाही. ओढायला तो नव्हता. बाकीच्यांवर किती होत्या ते तुला लिहिलंच आहे.

चिमणीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. आजोबा वाईट बोलले, एवढं खरं सांग. तुझ्या सासूने डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख घेतली आहे. मी विचारलं, कुणी येणार म्हणून? तर म्हणाली, पत्र आलं तर या वेळी मीच वाचणार, तुमचा भरवसा नाही.

तेव्हा उत्तर लवकर पाठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबरच आहे, मी रागावणार नाही. मग शेजारणीला सांग. तिने दोन ओळी लिहिल्या, तुमची सून बरी आहे, तुमची नात एवढी एवढी झाली, तरी पुरे. त्या मी कुणाला वाचून दाखवणार नाही. मनातल्या मनात वाचीन, आणि वाचून झाल्या की पाठीवर एक रेघ ओढीन.

वाट बघतोय.

तुझा,
मामंजी